एका अक्षराचा फरक

इंग्रजीत ‘प्रिन्सिपल’ लिहिताना शेवटी ‘एएल’ की ‘एलई’, हा प्रश्न ज्याला पडला नाही असा विद्यार्थी विरळाच! ‘एएल’ म्हणजे प्राचार्य, ‘एलई’ म्हणजे तत्त्व. रत्नागिरीच्या बाजारात ‘लूज’ मिळणाऱ्या चहात दोन ‘ओ’, पण सामना ‘लूज’ करण्यात एकच. आपल्या ‘वेस्ट’मध्ये तर पश्चिम, कचरा आणि कंबर तिन्ही सुखाने नांदतात. आपल्या कानाला हे शब्द सारखे, देवनागरीतही सारखेच. मग ते ओळखायचे ते अर्थावरूनच. पण आपण घोकतो स्पेलिंग!

सन २००० पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. तरी ज्याच्या घरी ती भाषा कोणी बोलत नाही, त्याची चूक झाली की वर्ग हसतो आणि तो पुन्हा हात वर करीत नाही. फळ्यावर ‘शिक्षक दीन’ लिहिले, तर मात्र कोणी हसत नाही! वेलांटी चुकली आणि दिवसाचा गरीब झाला, हे कोणाच्या गावीही नसते.

माझे मत स्पष्ट आहे. असे जोडशब्द वाक्यांत वापरून शिकवावेत, शिकावेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद ज्याला उमगला, त्याला इंग्रजीचे भय कशाला?