रिमोट कुणाच्या हातात?

समुद्र खवळलाय. वरून मुसळधार पाऊस. काळ्या पाण्यातून आधी एक शिंग वर येतं, मग डोकं, मग डोंगराएवढे खांदे! बंदरातल्या बोटी काडेपेट्यांसारख्या इकडेतिकडे भिरकावल्या जातात. लोक वाट फुटेल तिकडे पळतायत. आणि तेवढ्यात ऐकू येतं, धप्प... धप्प... धप्प... सत्तर-ऐंशी मीटर उंचीचा लोखंडी यंत्रमानव राक्षसाच्या समोर येऊन उभा! थिएटरात शिट्ट्यांचा नुसता पाऊस!

ओळखलंत ना? हा २०१३ सालचा ‘पॅसिफिक रिम’. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो. प्रशांत महासागराच्या तळाशी एक भेग पडते आणि तिच्यातून एकामागून एक राक्षस बाहेर पडतात. त्यांचं नाव ‘कायजू’. हा जपानी शब्द, अर्थ ‘विचित्र प्राणी’. त्यांच्याशी लढणारे रोबो म्हणजे ‘येगर’. हा शब्द जर्मन, अर्थ ‘शिकारी’. आज आपण या कुस्तीची जरा उलटतपासणी करणार आहोत. घाबरू नका, मजा घालवणार नाही. उलट वाढवू!

आधी वजनाचा हिशेब. सिनेमातल्या मुख्य रोबोचं नाव ‘जिप्सी डेंजर’. त्याची उंची साधारण ७९ मीटर आणि वजन १,९८० टन. ऐकायला केवढं वाटतं! पण कागद-पेन्सिल घ्या बरं. पावणेदोन मीटर उंचीचा आणि ७० किलो वजनाचा एक माणूस घ्या. तो ७९ मीटरचा करायचा, म्हणजे ४५ पट उंच. पण तो फक्त उंच होऊन चालेल का? ४५ पट रुंदही व्हायला हवा आणि ४५ पट जाडही. म्हणजे वजन ४५ × ४५ × ४५ पट. गुणाकार केलात तर ९१,१२५ पट! सत्तर किलोला त्याने गुणा. आले ना जवळजवळ ६,४०० टन?

आता गंमत बघा. माणसाचं शरीर साधारण पाण्याइतकंच जड असतं. त्याच आकाराचा आपला लोखंडी जिप्सी भरतो जेमतेम १,९८० टन. म्हणजे पाण्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही हलका! आत पाणी शिरलं नाही, तर हा पठ्ठ्या समुद्रात पाय रोवून लढणार कसला? बुचासारखा तरंगेल! आणि सिनेमात त्याला हेलिकॉप्टरं उचलून नेतात, आठवतंय? आजच्या जगातलं ओझं वाहणारं दांडगं हेलिकॉप्टर म्हणजे रशियाचं ‘एमआय-२६’. ते सुमारे २० टन उचलतं. करा भागाकार. ९९ हेलिकॉप्टरं लागतील!

बरं, मग वजन खरं धरलं तर? तर दुसरीच पंचाईत. साखरेचे चौकोनी खडे, नाहीतर सारख्या आकाराचे फासे घ्या. आठ खडे रचून दुप्पट उंचीचा ठोकळा करा. तळाला किती खडे? चार. वजन आठपट, आणि ते पेलणारा तळ मात्र चारपट. म्हणजे प्रत्येक जागेवर दुप्पट भार. ४५ पट मोठं केलंत, तर हाडाच्या तेवढ्याच जागेवर ४५ पट भार! म्हणून तर हत्तीचे पाय खांबासारखे जाड आणि हरणाचे काठीसारखे बारीक. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवली आहे. पुढे जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या आकारावर एक झकास लेख लिहिला. माणसाच्या दहापट उंच राक्षसाने पाऊल टाकलं, की त्याच्या मांडीचं हाडच मोडेल, असं त्यात त्याने दाखवून दिलंय. हे हाल्डेनसाहेब १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

तुम्ही म्हणाल, माणसाने खरंच असा रोबो केला का? केला! जपानमधल्या योकोहामा बंदरात २०२० सालच्या डिसेंबरपासून मार्च २०२४ पर्यंत ‘गुंडाम’ नावाचा हलता यंत्रमानव उभा होता. उंची १८ मीटर, वजन सुमारे २५ टन. तो गुडघा वाकवायचा, हात उचलायचा. पण कंबरेला मागून भक्कम आधार होता. स्वतःच्या पायांवर भार घेऊन चालणं त्यालाही जमलं नव्हतं. बघा, गॅलिलिओ अजून पाठ सोडत नाही!

आता जरा मागे जाऊ. १ मार्च १९५४. प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तो अंदाजापेक्षा दुपटीहून अधिक ताकदीचा निघाला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट! बऱ्याच अंतरावर एक जपानी बोट मासे पकडत होती. बोटीवर २३ कोळी. पहाटे पश्चिमेकडे अचानक उजेड झाला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. बर्फासारखी भुरभुर. ती किरणोत्सारी होती, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? सगळे आजारी पडले. बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. बोटीचं नाव होतं ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. नशिबाची थट्टाच म्हणायची! ती बोट आजही टोकियोतल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आणि त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, जपानभर एक सिनेमा लागला. नाव ‘गोजिरा’. आपण त्याला ‘गॉडझिला’ म्हणतो. सुरुवातीलाच समुद्रात पांढराशुभ्र प्रकाश चमकतो आणि एक बोट पेटते. थिएटरात बसलेल्या जपानी माणसाला ती कुठली बोट, हे सांगायची गरजच नव्हती. बॉम्बच्या चाचणीने झोपमोड झालेला हा ५० मीटर उंच प्राणी टोकियो जाळत सुटतो. दिग्दर्शक इशिरो होंडा सैन्यात होते. युद्धावरून परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून त्या सिनेमात इमारती कोसळल्यावर कॅमेरा थांबतो तो इस्पितळात, जखमी माणसांपाशी आणि रडणाऱ्या मुलांपाशी.

हा राक्षस बनवला कसा, तेही ऐका. संगणक तर नव्हताच. एइजी त्सुबुराया या ट्रिकवाल्या उस्तादाने रबरी पोशाख शिवला आणि आत माणूस घातला! त्याचं नाव हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख होता १०० किलोच्या आसपास. वर स्टुडिओतल्या दिव्यांची भट्टी. आत घाम नुसता निथळायचा. बडे प्राणी चालतात कसे, हे बघायला नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन बसे. आणि ती अंगावर काटा आणणारी डरकाळी? संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतली. डबल बास नावाचं भलंमोठं तंतुवाद्य असतं, त्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासायचा. झाली डरकाळी तयार!

पण छोटं घर पडलं, तर ते ‘छोटं’ दिसत नाही का? दिसतं. कारण वस्तू ५० मीटरवरून पडायला सव्वातीन सेकंद लागतात आणि दोन मीटरवरून जेमतेम पाऊण सेकंदसुद्धा नाही. म्हणून कॅमेरा वेगाने फिरवायचा आणि तीच फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवायची. मॉडेल २५ पट लहान असेल, तर वेग २५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे पाचपट! वर्गमूळ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

राक्षस आला समुद्रातून. मग रोबो कुठून आला? तोही युद्धातून. मित्सुतेरू योकोयामा हा चित्रकार लहान असताना अमेरिकन ‘बी-२९’ विमानांनी त्याचं कोबे शहर बेचिराख केलं होतं. १९५६ साली त्याने ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली. तेत्सुजिन म्हणजे पोलादी माणूस. गोष्टीत तो जपानी सैन्याने युद्धासाठी गुपचूप बनवलेला. चालवायचा रिमोटने. शोतारो नावाच्या मुलाच्या हातात रिमोट, तोवर रोबो आपला. चोरांनी पळवला, की तोच रोबो चोरांचा! रोबोला त्याचं काहीच नाही.

योकोयामाच्याच कथेवरून ‘जायंट रोबोट’ ही मालिका निघाली. १९८० च्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. आई-बाबांना विचारा, मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोला हुकूम देणारा मुलगा त्यांना नक्की आठवेल. तो रोबो बनवून घेतला होता दुष्टांनी. पण घड्याळात पहिला आवाज गेला त्या मुलाचा, म्हणून रोबो त्याचा झाला. कल्पना करा, पहिला आवाज दुसऱ्याच कुणाचा गेला असता तर?

१९७२ साली गो नागाई याने ‘माझिंगर झेड’ काढलं. म्हणे, हा गृहस्थ ट्रॅफिकमध्ये अडकला होता आणि गाडीला हातपाय फुटले तर पुढच्यांच्या डोक्यावरून जाता येईल, असं त्याच्या मनात आलं. (पुण्या-मुंबईत हे रोज कितीजणांच्या मनात येत असेल!) त्याने नायकाला थेट रोबोच्या डोक्यातच बसवलं. आणि त्या नायकाचे आजोबा त्याला बजावतात, याच्या जोरावर तू देव होशील नाहीतर सैतान.

‘गोजिरा’मध्येही हाच पेच आहे. डॉ. सेरिझावा यांच्याकडे राक्षसाला मारणारं एक अस्त्र असतं. पण ते उद्या बड्या राष्ट्रांच्या हाती पडलं तर? म्हणून ते सगळे कागद जाळतात, एकदाच अस्त्र वापरतात आणि स्वतःही समुद्रातून वर येत नाहीत. गुपित त्यांच्याबरोबरच बुडतं.

दोस्तांनो, ही नुसती सिनेमातली काळजी नाही बरं का! माणसाला न विचारता स्वतःच निशाणा ठरवणाऱ्या शस्त्रांवर बंधनं घालायची का, यावर संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हात २०१४ पासून देशोदेशींचे प्रतिनिधी बैठका घेत आले आहेत. ती शस्त्रं ७९ मीटरची नाहीत. पाखराएवढंही एखादं असू शकतं. पण प्रश्न शोतारोचाच आहे, रिमोट कुणाच्या हातात? आणि कुणाच्याच हातात नसला तर? मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर होईल, कुणी वकील, कुणी सैन्यात जाईल. हा प्रश्न तुमच्या टेबलावर येणार आहे.

१९९५ च्या भूकंपात कोबे शहर पुन्हा कोसळलं. ते उभं राहत असताना २००९ साली तिथल्या लोकांनी एका बागेत तेत्सुजिनचा प्रचंड पोलादी पुतळा उभारला. उंची १५ मीटरहून जास्त. मूठ उगारलेला. पुतळ्याभोवती आता मुलं खेळतात.

या आठवड्याचा उद्योग : खोक्यांचं शहर करा. एकाने राक्षस व्हा. मोबाइलवर सेकंदाला १२० चित्रं घेणारं स्लो मोशन लावा आणि ते सेकंदाला ३० चित्रं या वेगाने बघा. आता सांगा, तुमचा राक्षस किती पट मोठा भासेल? उत्तर पुढच्या अंकात. आणि हो, शहर पाडून झाल्यावर पसारा आवरायला रोबो येणार नाही!