पाळी थांबते, राबणे थांबत नाही

'रजोनिवृत्तीनंतरही निरोगी राहा, सक्रिय राहा' असा उपदेश करणारे लेख दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत नित्यनेमाने येतात. त्यांतील सल्ला ठरलेला असतो. रोज पाऊण तास चालावे, दूध-दही व कडधान्ये घ्यावीत, हलकी वजने उचलावीत, सात-आठ तास झोपावे, मन प्रसन्न ठेवावे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट बरोबर आहे. आणि तरीही हा सल्ला एका अर्थाने लबाड आहे. कारण चालण्याचा पाऊण तास कोणाच्या दिवसातून काढायचा, दूध कोणाच्या मजुरीतून आणायचे, आणि सात तास झोपायचे तर पहाटे नळावर कोणी जायचे, हे प्रश्न तो विचारीतच नाही. आरोग्य म्हणजे व्यक्तीच्या इच्छाशक्तीचा प्रश्न, असे एकदा ठरवले की आजारी पडणारी बाई आपोआपच दोषी ठरते.

मी स्वतः हा सल्ला पाळते. मला निवृत्तिवेतन आहे, सकाळ माझ्या मालकीची आहे, चालायला बाग आहे. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई बावन्न वर्षांच्या आहेत. त्यांची पाळी थांबून पाच वर्षे झाली. सहा घरांची कामे करताना त्या माझ्या दुप्पट चालतात, बादल्या उचलतात, जिने चढतात. मी फिरून आल्यावर ताजीतवानी होते. त्या काम आटोपून निघतात तेव्हा कठड्याला धरून जिना उतरतात. त्यांना 'सक्रिय राहा' असे सांगण्याचा निलाजरेपणा माझ्याने होत नाही. एकाच वयाच्या, एकाच शारीर अवस्थेतून गेलेल्या दोन स्त्रियांमधील हे अंतर वर्गाचे आहे. ते झाकून ठेवणारी आरोग्यचर्चा आपण समाजवाद्यांनी जशीच्या तशी स्वीकारता कामा नये.

प्रथम शरीराची वस्तुस्थिती पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात तिचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. पाश्चात्य देशांत ते ५१ च्या घरात आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. स्नायूंचे बळ उतरते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटून झोप मोडते. हृदयविकाराविरुद्धचे जे संरक्षण तोवर स्त्रीला लाभलेले असते ते ओसरू लागते. खोकताना, ओझे उचलताना लघवी सुटते. लाजेपोटी ती कोणाला सांगितली जात नाही. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो पाळीचा प्रकार नसून तपासणी तातडीने करण्याची खूण असते, ही साधी गोष्टही असंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचलेली नाही. यांपैकी बऱ्याच त्रासांवर उपाय आहेत. प्रश्न ते कोणाच्या आवाक्यात आहेत, हा आहे.

'कष्टकरी बाईला व्यायामाची काय गरज? तिचे कामच व्यायाम,' असे आपल्यातलेही काही म्हणतात. हा गैरसमज आहे, आणि मालकवर्गाच्या मोठ्या सोयीचा आहे. व्यायामात भार मोजून घेतलेला असतो, तो हळूहळू वाढवता येतो, दुखले की थांबता येते, आणि त्यामागून अन्न व विश्रांती येते. मजुरीत भार दुसरा ठरवतो, तेच वाकणे दिवसभर चालते, दुखले तरी थांबता येत नाही आणि थांबले की दाम कापले जातात. व्यायामाने शरीराची भांडवल-उभारणी होते. अपुऱ्या अन्नावरील मजुरी तेच भांडवल खर्ची घालते. अर्थशास्त्रात यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद हिशेबवहीत केली जाते. बाईच्या घसाऱ्याचा रकाना कोणत्याही वहीत नाही.

आता अन्नाचा हिशेब मांडून पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४२ ग्रॅम. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातून पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली भरून काढायला रोज सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास डाळ, म्हणजे एकट्या बाईसाठी महिन्याला पावणेचार किलो डाळ हवी. वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरते ती आमटी खाणारीच्या वाट्याला यातले किती येते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. 'प्रथिनयुक्त आहार घ्या' या तीन शब्दांमागे अन्नवितरणाचे सगळे राजकारण उभे आहे.

वेळेचा हिशेबही असाच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला २९९ मिनिटे घालवताना आढळल्या. पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली आणि पुरुषाने नऊ मिनिटे आपलीही सोडवून घेतली! पन्नाशीत मुलांचे करणे सरते म्हणावे, तर नातवंडांचे आणि सासूसासऱ्यांच्या आजारपणाचे करणे सुरू होते.

मग राज्यसंस्था काय करते? तिची नजर स्त्रीच्या गर्भाशयावर खिळलेली आहे. ते निकामी झाले की बाईही तिच्या दृष्टीआड होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांमधील रक्तक्षयाचे मोजमाप १५ ते ४९ या वयोगटाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात या गटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही बाई पन्नास वर्षांची झाली की तिचा रक्तक्षय बरा होत नाही. तो फक्त मोजणीतून बाहेर पडतो. गरोदर व स्तनदा मातांना कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सरकारने आखला, हे योग्यच झाले. परंतु हाडे ज्या वयात सर्वांत वेगाने झिजतात, त्या वयातल्या बाईसाठी असा विचार झाला नाही. मूल पोसणारे हाड राष्ट्राचे. नुसते बाईचे हाड तिचे तिने सांभाळावे!

या दृष्टीचा सर्वांत क्रूर आविष्कार आपल्या बीड जिल्ह्यात दिसला. ऊसतोडणीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड बसतो. पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरणे, मुक्काम पालात, पाणी लांब, आडोसा नाही. अशा स्थितीत पाळी हीच अडचण ठरते, आणि अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून 'पिशवी' काढण्याचा सल्ला मिळतो. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक! गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ती ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा धोका राहतो. निसर्ग जे शेहेचाळिसाव्या वर्षी करतो ते साखर-अर्थव्यवस्थेने तिशीपस्तिशीत करून टाकले, आणि हाडांच्या झिजेची दहा-पंधरा वर्षे त्या बाईच्या खाती जमा केली. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा तिच्याच उचलीत!

हे दुखणे एकट्या बीडचे नाही. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत आणि जिल्हा पातळीपासून देखरेख समित्या असाव्यात, असे त्यात आहे. आपल्या किती तालुका शाखांनी आपल्या जिल्ह्याच्या समितीचे इतिवृत्त मागितले? हा प्रश्न मी सरकारला नाही, आपल्याला विचारते आहे.

वृद्धापकाळाच्या संरक्षणाची कथा वेगळी नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा २००७ साली ऐंशीच्या आतील पात्र वृद्ध व्यक्तीस दरमहा २०० रुपये होता, आणि पुढची पंधरा वर्षे महागाई कोठल्या कोठे गेली तरी तो तितकाच राहिला. महाराष्ट्राची श्रावणबाळ योजना पासष्टीची अट घालते. म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी जिचे शरीर उतरणीला लागले, तिने आणखी अठरा वर्षे त्याच शरीरावर पोट भरायचे. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेतून २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये जाहीर झाले. गरिबाच्या हाती आलेल्या पैशाची मी टवाळी करणार नाही. त्यातून डाळ येते. परंतु उपकेंद्रात नसलेला डॉक्टर, नसलेली तपासणी आणि नसलेली रजा १५०० रुपयांनी विकत मिळत नाही. ओवाळणी आणि हक्क यांतला फरक आपण विसरलो, तर तो लोकांना कोण सांगणार?

'हा मध्यमवर्गीय बायकांचा विषय आहे. आधी वर्गलढा, मग हे', असा आक्षेप काही साथी घेतील. त्यांना मी एवढेच आठवण करून देईन, की डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले आणि खेड्यातल्या स्त्रियांच्या शौचालयाचा व चुलीच्या धुराचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर मांडताना तो 'खाजगी' मानला नाही. आजही मोर्च्याच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता येणाऱ्या पन्नाशीच्या कार्यकर्त्या आपल्याच रांगांत आहेत. मध्यमवर्गीय बाई औषध तरी विकत घेऊ शकते. हा विषय खरा आहे तो जिला ते घेता येत नाही तिचा.

दुसरा दोष आपल्या घरातला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कार्यकर्तीला आपण आदराने 'ताई' म्हणतो, स्वागतसमितीत घालतो, चहाची व्यवस्था सोपवतो, आणि उमेदवारीची वेळ आली की 'आता आपण विश्रांती घ्या' असे सुचवतो. आपला इतिहास याच्या अगदी उलट आहे. मृणाल गोरे आणीबाणीत तुरुंगात गेल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधानसभेत लढल्या तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. प्रमिला दंडवते १९८० मध्ये लोकसभेत गेल्या त्या पन्नाशी ओलांडून. सक्रिय राहणे म्हणजे काय, हे या स्त्रियांनी व्यायामपुस्तिका न वाचता दाखवले. ज्या वयात बाईला आयुष्यात प्रथमच थोडी उसंत, थोडे धाडस आणि लोकलाजेपासून थोडी सुटका मिळते, त्या वयात तिला सतरंज्या घालायला लावणारा पक्ष स्वतःचेच बळ वाया घालवतो.

म्हणून आपण ठोस मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. एक : प्रत्येक उपकेंद्रात पंचेचाळिशीपुढील स्त्रियांची रक्त, रक्तदाब, मधुमेह, हाडे व गर्भाशयमुखाची नियमित विनामूल्य तपासणी, आणि गरजेनुसार कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व. दोन : रेशनवर धान्याबरोबर डाळ व तेल. तीन : अंगमेहनतीची कामे करणाऱ्या असंघटित स्त्रियांना पंचावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन; १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मालकांवर लेव्ही बसवून दाखवली, तोच मार्ग येथेही खुला आहे. चार : ऊसतोडणीत खाड्याचा दंड बेकायदा, आणि फडावर पाणी, शौचालय व आरोग्यसेवेची जबाबदारी कारखान्याची.

या मागण्या मान्य होईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक शाखेने या हंगामात एक सभा केवळ या विषयावर घ्यावी. बायकांना सोयीच्या वेळी, शौचालय असलेल्या जागी. पिशवी काढायला सांगितलेली बाई भेटली तर तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात जाऊन दुसरे मत घ्यावे. आणि पुरुष साथींनी सभेहून घरी गेल्यावर आपल्या वाट्याची मिनिटे मोजावीत. ८८ पासून सुरुवात आहे. पुढे जायला भरपूर वाव आहे.