‘स्वमत’ कुणाचे?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. वाचलेल्या उताऱ्याविषयी विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटते, ते त्याने आपल्या शब्दांत लिहावे, ही त्यामागील अपेक्षा. बाजारातील गाईडमध्ये या स्वमताची उत्तरे छापून मिळतात. मुले ती पाठ करतात, परीक्षक त्यांना गुण देतात आणि साठ मुलांच्या वर्गाचे ‘स्वतःचे मत’ स्वल्पविरामापर्यंत एकच निघते. यात कुणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे, ही खरी चिंतेची बाब होय.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील एका तरतुदीकडे पाहावे लागते. विद्यार्थ्याच्या समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर त्याने स्वतः केलेले आणि सहाध्यायींनी केलेले मूल्यमापनही असावे, असे धोरण सांगते. कल्पना निःसंशय स्वागतार्ह आहे. निजण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याचा मनाशी आढावा घेणे, ही आपल्या घरांतील जुनी शिकवण. ती शाळेच्या वहीत उतरणार असेल तर आनंदच आहे. परंतु साहित्याच्या तासाला ती कशी उतरणार? गणितात ताळा करून पाहिला की चूक मुलाला स्वतःलाच कळते. कवितेचे रसग्रहण साधले की नाही, हे सांगणारा ताळा नाही. तेथे चांगल्या-वाईटाची पारख मुलाच्या मनातच घडावी लागते. स्वयंमूल्यमापनाची सर्वाधिक गरज भाषेच्या वर्गाला आहे ती यासाठी. आणि त्याचा सर्वाधिक सहज बट्ट्याबोळ होईल तोही तेथेच.

महाराष्ट्राचा अनुभव फार जुना नाही. २०१८-१९ या वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे शाळेच्या हाती असलेले २० गुण बंद करण्यात आले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, हे मान्य करावे लागेल. तरीही शाळांनी सढळ हाताने दिलेल्या गुणांचा टेकू किती मोठा होता, ते त्या निकालाने उघड केले. अन्य मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावी प्रवेशात मागे पडतील, अशी ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. गुण ज्याच्या हाती असतात, तो आपल्या माणसांना ते कमी देत नाही. मग तेच गुण खुद्द विद्यार्थ्याच्या हाती दिले तर काय होईल?

जे होईल ते सांगायला ज्योतिषी नको. आपल्या निबंधातील उणीव ओळखणारी प्रामाणिक मुलगी स्वतःला दहापैकी सहा देईल. गाईडमधून उतरवून काढणारा तिचा शेजारी दहापैकी दहा घेऊन मोकळा होईल. पुढच्या वेळी तीही दहा घेईल. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, तेही साहित्याच्या तासाला, खोटे बोलण्याचा हा पहिला अधिकृत धडा ठरेल. सहाध्यायींच्या मूल्यमापनात ‘तू मला दे, मी तुला देतो’ हा व्यवहार सुरू व्हायला आठवडाही लागणार नाही.

इस्रायलमधील संशोधिका रूथ बटलर यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. ज्या मुलांना केवळ शेरा मिळाला, त्यांचे काम सुधारले. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. अर्थात, हे कळायला संशोधनाचीच गरज होती असे नाही. तपासलेली वही हाती येताच मूल आधी आकडा पाहते आणि वही मिटते, हे प्रत्येक भाषाशिक्षकाला ठाऊक आहे.

तेव्हा स्वयंमूल्यमापन असावे, पण गुणांविना. निबंध देण्यापूर्वीच तो कशावर पारखला जाणार, हे शिक्षकांनी फळ्यावर लिहावे; शक्य तर मुलांशी बोलून ठरवावे. निबंधाखाली विद्यार्थ्याने तीन-चार ओळी लिहाव्यात : यातील कोणते वाक्य निखळ माझे आहे, कोणते उसने आहे, कोठे अडलो, पुन्हा लिहिला तर काय बदलेन. शिक्षकांनी आपला शेरा या ओळी न वाचता आधी लिहावा, मग दोन्ही ताडून पाहावेत. जेथे दोहोंत अंतर पडते, तेथे खरे शिकवणे सुरू होते. उसने वाक्य कबूल करणाऱ्या मुलाचा एकही गुण कापला जाऊ नये, ही मात्र पूर्वअट. अन्यथा दुसऱ्या निबंधापासून सर्वच वाक्ये ‘निखळ माझी’ होतील!

यात अडचण आहे ती वेळेची. साठ वह्या, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे एका निबंधाला दहा तास. नाना अशैक्षणिक कामांत जुंपलेल्या शिक्षकाने ते कोठून काढावेत? वर्षाला दहा निबंध उरकण्यापेक्षा चारच लिहून घेतले आणि प्रत्येक दोनदा लिहवला, तर हे आवाक्यात येते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी वह्यांची संख्या मोजणे सोडावे लागेल आणि ‘शेजारच्या तुकडीचे दहा झाले, आमचे चारच कसे?’ असे विचारणाऱ्या पालकांनाही थोडा धीर धरावा लागेल.

स्वयंमूल्यमापनाचा रकाना असलेले प्रगतिपत्रक जेव्हा मुलाच्या दप्तरातून घरी येईल, तेव्हा पालकांनी तो मुलाच्या वतीने स्वतः भरू नये. शाळेच्या पालकसभेत मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : या रकान्यातील उत्तराने मुलाचे गुण बदलणार आहेत काय?