कारखान्याची तिजोरी आणि पहारेकऱ्याचा शब्द

कारखान्याची संपत्ती म्हणजे इमारत, यंत्रे आणि गोदामातील माल, ही समजूत आता मागे टाकली पाहिजे. आजच्या कारखान्याची खरी तिजोरी म्हणजे त्याचे आराखडे, संशोधनाचे अहवाल आणि यंत्रांना आज्ञा देणारे संगणक. या तिजोरीची चोरी झाली तरी वस्तू जागेवरच राहते. म्हणून ती चोरी लवकर ध्यानातही येत नाही. याचा ठळक दाखला आपल्या ओटावा शहरातच घडला आहे.

दूरसंचार यंत्रणा बनविणारी नॉर्टेल ही एके काळी कॅनडाची सर्वांत मोठी कंपनी. तिची प्रमुख संशोधनशाळा येथील कार्लिंग मार्गावर होती. २००४ साली एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खात्यातून काही कागदपत्रे उतरवून घेतली गेल्याचे आढळले. विचारणा होताच, ती आपण घेतलीच नाहीत, असे त्या अधिकाऱ्याने सांगितले. तपासात निष्पन्न झाले की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह सात वरिष्ठांचे पासवर्ड चोरांच्या हाती होते, आणि माहिती शांघायमधील संगणकांकडे जात होती. घुसखोरी निदान २००० सालापासून चालू होती. चीनने असे आरोप नाकारले आहेत.

कंपनीने पासवर्ड बदलले आणि सुमारे सहा महिन्यांत तपास गुंडाळला. या तपासात अग्रभागी असलेले ब्रायन शील्ड्स हे सुरक्षा सल्लागार पुढेही धोक्याची सूचना देत राहिले. पण त्यांच्या शिफारशींकडे दुर्लक्ष झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने हे प्रकरण जगापुढे आणले, तोवर कंपनीच उरली नव्हती. १४ जानेवारी २००९ रोजी तिने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले होते.

नॉर्टेल केवळ या चोरीमुळे बुडाली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २००१ ची दूरसंचार क्षेत्रातील मंदी आणि हिशेबातील गैरप्रकार ही कारणे उघड आहेत. तथापि बुडण्याचे चटके कोणाला बसले, हे विसरून चालणार नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, निवृत्तिवेतनात कपात झाली आणि दीर्घ आजारामुळे घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता २०१० च्या अखेरीस बंद पडला. सुरक्षिततेचा प्रश्न हा केवळ मालकाचा प्रश्न नव्हे, तो कामगाराच्या भाकरीचाही प्रश्न आहे.

याउलट उदाहरण नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे. मार्च २०१९ मध्ये तिचे संगणक खंडणीखोरांनी गोठविले. हल्ल्याची सुरुवात विश्वासू ग्राहकाच्या नावे आलेल्या एका ई-मेलमधून झाली होती. कंपनीने खंडणी दिली नाही, घटना लपविली नाही आणि जेथे शक्य तेथे काम हातांनी चालू ठेवले. जुन्या अनुभवी कामगारांचे ज्ञान तेव्हा उपयोगी पडले. नुकसान मोठे झाले. पण कंपनी उभी राहिली.

या दोन घटनांतून काय शिकावे? उपाय गुप्त नाहीत. कार्यालयाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे वेगळे ठेवावे. पासवर्डच्या जोडीला दुसरी खूण असावी. प्रतींचा एक संच जाळ्याबाहेर राखावा आणि तो परत वापरता येतो की नाही, हे वेळोवेळी तपासावे. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर असावी. २०१८ साली ओटावातच स्थापन झालेल्या कॅनडाच्या सायबर सुरक्षा केंद्राने लहान उद्योगांसाठीही अशी मूलभूत मार्गदर्शिका काढली आहे.

परंतु सर्वांत मोठा उपाय विकत मिळत नाही. तो आहे, खालच्या पायरीवरील माणसाचा शब्द ऐकण्याची वृत्ती. "तुला काय कळते?" असे म्हणून ज्या कंपनीत सूचना परतवून लावली जाते, तिची भिंत कितीही उंच असली तरी दार उघडेच असते. आपले अनेक बंधू-भगिनी आज अभियंते, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक म्हणून कारखान्यांत काम करीत आहेत. त्यांनी धोका दिसताच तो लेखी नोंदवावा. अधिकारपदी असतील त्यांनी नोंदविणाऱ्याला संरक्षण द्यावे आणि तपास पूर्ण होईपर्यंत थांबू नये.

कार्लिंग मार्गावरील त्या इमारती कॅनडा सरकारने २०१० मध्ये संरक्षण खात्यासाठी विकत घेतल्या. तेथून जाताना इतके आठवावे की पहारेकरी जागा होता. त्याचे ऐकणारे झोपले होते.