घोड्याचा वेग आणि जॉकीची वाट

रायगड जिल्ह्यात शर्यत म्हटली की आजही बैलगाडीच डोळ्यांसमोर येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. त्यामुळे रोहा-पेणच्या शर्यतशौकिनांना अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याची वाट पुन्हा मोकळी झाली. तेथे हाकणाऱ्याची परीक्षा वेगाइतकीच वाळूच्या पारखीची असते. ओहोटीनंतर पाण्यालगतची वाळू दबून घट्ट होते, वरच्या अंगाची भुसभुशीत राहते. गाडी हातभर चुकीच्या बाजूला गेली की चाक रुतते आणि तगड्या जोडीचाही दम निघतो.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकीपुढे हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की तेथे वाळूऐवजी हिरवळ आहे, वाट वळणाची आहे आणि पणाला लागलेला पैसा कितीतरी मोठा आहे. १९४३ पासून होणारी ‘इंडियन डर्बी’ २४०० मीटरची असली, तरी सगळे घोडे नेमके तेवढेच अंतर धावत नाहीत. आतल्या कठड्याला बिलगून जाणाऱ्या घोड्याचे अंतर सर्वांत कमी भरते. त्याच्या एक मीटर बाहेरून अर्धवर्तुळाकार वळण घेणाऱ्याला ३.१४ मीटर जास्त धावावे लागते. वळणाचा घेर लहान असो वा मोठा, हा आकडा बदलत नाही. तीन मीटर बाहेरून जाणाऱ्यावर सुमारे साडेनऊ मीटरचा बोजा पडतो. घोड्याची लांबी साधारण २.४ मीटर धरली, तर हे अंतर जवळपास चार लांबींचे होते. मोठ्या शर्यती कित्येकदा ‘मानेने’ वा ‘नाकाने’ जिंकल्या जातात, हे ध्यानात घेतले की चार लांबींचे मोल कळते. सुरुवातीच्या दरवाजांची सोडत म्हणूनच महत्त्वाची ठरते. बाहेरचा दरवाजा मिळालेल्या जॉकीला पहिल्या वळणापर्यंत आत सरकता आले नाही, तर पुढचा हिशेब त्याच्या विरुद्धच जातो.

मग सगळेच कठडा का धरत नाहीत? एक तर कठड्याला जागा एकालाच. पुढचा घोडा दमला आणि बाहेरच्या अंगाला दुसरा असला, की आतल्याची कोंडी होते. दम शिल्लक असूनही वाट नसल्याने हरलेले घोडे प्रत्येक हंगामात दिसतात. दुसरे कारण जमिनीचे. पुण्याचा हंगाम भर पावसाळ्यात असतो. सर्वांना आतलीच वाट हवी असल्याने तीच सर्वाधिक तुडविली जाते, उखडते आणि जड होते. अशा दिवशी अनुभवी जॉकी मुद्दाम चार घोड्यांच्या बाहेरून, शाबूत हिरवळीवरून येतो. वळणावर गमावलेले अंतर तो सरळ धावेत वसूल करतो. कठड्यालगतची हिरवळ वाचावी म्हणून व्यवस्थापन काही मीटर बाहेर तात्पुरता कठडा उभारते. रेसच्या पानावर छापल्या जाणाऱ्या ‘फॉल्स रेल’च्या ओळीचा अर्थ तोच, पण ती ओळ वाचतो कोण?

वाटेच्या निवडीने जगातल्या नामांकित शर्यतीही फिरल्या आहेत. २००९ च्या केंटकी डर्बीत ‘माइन दॅट बर्ड’ या घोड्याचा भाव ५० ला १ होता. जॉकी कॅल्व्हिन बोरेल याने ओल्या मातीच्या ट्रॅकवर सर्वांत मागून, कठड्याला जवळजवळ घासत त्याला पुढे काढले आणि पावणेसात लांबींनी जिंकविले. २०२२ मध्ये ८० ला १ भावाचा ‘रिच स्ट्राइक’ अगदी बाहेरच्या दरवाजातून सुटूनही अखेरीस आतल्या अंगाने घुसून पहिला आला. हे दोघे त्या मैदानातले सर्वांत वेगवान घोडे होते, असे म्हणण्यास कोणी धजणार नाही.

मात्र वाट निवडणे वेगळे आणि दुसऱ्याची वाट कापणे वेगळे. पुढे असलेल्या जॉकीने मागच्याला अडथळा होणार नाही इतके अंतर मिळाल्याखेरीज आडवे जायचे नाही, हा नियम सर्वत्र आहे. तो मोडल्यास स्टुअर्ड क्रमांक बदलतात, जॉकीला निलंबित करतात. २०१९ मध्ये केंटकी डर्बीत प्रथम आलेला ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ शेवटच्या वळणावर बाहेर सरकल्याने थेट सतराव्या क्रमांकावर ढकलला गेला आणि ६५ ला १ भावाचा ‘कंट्री हाऊस’ विजेता ठरला. हा नियम कडक असण्यामागे कारण आहे. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या घोड्याचा पाय पुढच्याच्या खुराला लागला, तर जॉकीचा जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे ‘फेव्हरिट’ हरला की स्टँडमध्ये पहिला शब्द ऐकू येतो, ‘ओढला!’ जॉकीने जाणूनबुजून घोडा रोखला, हा तो आरोप. गैरप्रकार होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठीच चौकशीची यंत्रणा आहे. परंतु निकालपत्रकात वेळ आणि लांबींचा फरक दिसतो. घोडा प्रत्यक्षात किती मीटर धावला, हे त्यावरून कळत नाही. वळणभर तिसऱ्या-चौथ्या रांगेत राहून दोन लांबींनी हरलेला घोडा विजेत्याहून सरस धावलेला असू शकतो. हाँगकाँगमध्ये शर्यतीनंतर प्रत्येक घोड्याविषयी, तो कितव्या रांगेतून आणि आडोशाशिवाय धावला का, याची टिपणे प्रसिद्ध होतात. सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या सट्ट्यावर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. एवढा कर भरून पैसे लावणाऱ्याला निदान ही माहिती मिळायला हवी.

महालक्ष्मीच्या जागेचा वादही या अंगाने पाहता येतो. २०२४ च्या निर्णयानुसार सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे, २०५३ पर्यंतच्या भाडेपट्ट्याने, अशी वाटणी झाली. मुंबईला मोकळ्या जागेची गरज आहे, यात शंका नाही. मात्र सारी चर्चा एकरांत झाली. ट्रॅकची रुंदी फारशी कोणाच्या तोंडी आली नाही. तात्पुरता कठडा बाहेर सरकवायला आणि उखडलेल्या पट्ट्याला विश्रांती द्यायला रुंदीच लागते. उद्यानाचे काम करताना ती मीटरभरही आक्रसली, तर हंगामाच्या उत्तरार्धात जॉकीपुढे उखडलेल्या वाटेखेरीज दुसरी वाट उरणार नाही.