घराला किंमत लावणारा तो माणूस कोण?

होम लोन असो, बँकेचा लिलाव असो की खाणीत जाणाऱ्या घराचा मोबदला. आकडा ठरतो तो एका माणसाच्या रिपोर्टवर. त्या माणसाला परवाना लागतो का? उत्तर जरा विचित्र आहे. कधी लागतो, कधी नाही!

समजा, राजुऱ्यात तुमच्या बाबांनी एक तयार घर बघितलंय. सौदा 28 लाखांत ठरला. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. म्हणजे जास्तीत जास्त 25 लाख 20 हजार. बाबांनी हिशेब जुळवला, टोकनही देऊन टाकलं.

मग बँकेचा व्हॅल्युअर येतो. टेप लावतो, चार फोटो काढतो, कागद चाळतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. आठवड्याने बँकेतून कळतं, व्हॅल्युएशन 23 लाख आलंय. आता कर्ज जास्तीत जास्त 20 लाख 70 हजार. साडेचार लाखांचा खड्डा पडला. तो भरायला कुणाच्या आईचे दागिने सोनाराकडे जातात, कुणाचं पुण्यातलं ॲडमिशन पुढच्या वर्षावर ढकललं जातं.

आकडा चुकीचाच असेल असं नाही. कदाचित घरमालकानेच किंमत फुगवली असेल आणि व्हॅल्युअरने तुम्हाला वाचवलं असेल. पण मग प्रश्न असा, की हा माणूस कोण? तो काय शिकलाय? आणि चुकला तर जबाबदार कोण?

परवाना नेमका कुठे लागतो?

आपल्याकडे व्हॅल्युअरसाठी एकच असा कायदा नाही. दारं बरीच आहेत.

पहिलं दार कंपन्यांचं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 खाली 2017 मध्ये नियम आले. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, नोंदणी देतं. 1 फेब्रुवारी 2019 पासून कंपनी कायदा आणि दिवाळखोरी कायदा या दोन्हींखालचं मूल्यांकन फक्त नोंदणीकृत व्हॅल्युअरच करू शकतो. फसवणुकीच्या हेतूने खोटं मूल्यांकन केलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि 1 ते 5 लाख रुपये दंड.

दुसरं दार लिलावाचं. कर्ज थकलं आणि बँकेने घर विकायला काढलं, तर 2002 च्या सरफेसी नियमांनुसार आधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढावी लागते. हा मान्यताप्राप्त कोण? तर 1957 च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम 34एबी खाली नोंदलेला आणि बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेला. गंमत बघा, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. कर गेला, त्याची नोंदणी मात्र पुढेही चालत राहिली.

तिसरं दार आपल्या घराचं. कर्ज देताना कोणाकडून व्हॅल्युएशन करून घ्यायचं, ते बँक स्वतःच्या धोरणानुसार ठरवते. रिझर्व्ह बँक म्हणते, संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण ठेवा, व्हॅल्युअरची यादी ठेवा. 50 कोटींच्या वरच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र रिपोर्ट घ्या. 28 लाखांच्या घराला एक रिपोर्ट पुरे. बऱ्याच बँका यादीत घेताना 34एबी किंवा आयबीबीआयची नोंदणी मागतात, हे खरं. पण ती बँकेची अट झाली, तुमचा हक्क नव्हे.

आणि आता तुलना करा. महारेराने 2023 मध्ये इस्टेट एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. म्हणजे प्रकल्पातला फ्लॅट दाखवणाऱ्याला परीक्षा आहे. घर लिलावात निघालं तर व्हॅल्युअरला नोंदणी हवी. पण घर घेताना किंमत लावणाऱ्यासाठी थेट कायदा नाही!

खाणीच्या गावात

राजुऱ्यात हा प्रश्न कर्जापुरता नाही. सास्ती, गोवरी, पोवनी या खाणींच्या परिसरातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. जमीन संपादनात जातं ते नुसतं वावर नसतं. घर, गोठा, विहीर, झाडं, सगळं जातं.

2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 29 नुसार इमारतीची किंमत काढताना जिल्हाधिकारी सक्षम अभियंता किंवा त्या विषयातल्या तज्ज्ञाची मदत घेऊ शकतात. नोंदणीकृत व्हॅल्युअरच हवा, असं तिथे म्हटलेलं नाही. या कायद्यातली मोबदल्याची पद्धत 2015 पासून कोळशासाठीच्या 1957 च्या संपादन कायद्यालाही लागू झाली. त्यात मोबदल्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते, म्हणजे दुप्पट. सरळ हिशेब असा, की अभियंत्याने घराची किंमत 1 लाखाने कमी लावली, तर तुमच्या हातात 2 लाख कमी येतात.

शिवाय इथली मालमत्ता समजायला सोपी नाही. गावठाणातल्या कितीतरी घरांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली. जमीन भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2, यावर ती विकता येईल का हे ठरतं. आदिवासी कुटुंबाची जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. काळ्या मातीत भिंतीला तडा गेला तो मातीमुळे, खाणीतल्या ब्लास्टिंगमुळे की कच्च्या बांधकामामुळे? आजूबाजूचे व्यवहार बघून भाव काढावा, तर खरेदीखतात बरेचदा रेडीरेकनरच्या आसपासचा आकडा असतो आणि बाकी पैसे हातोहात दिलेले असतात. नागपूरहून एका दिवसात पाच घरं बघायला आलेल्या माणसाला हे सगळं कळणार कसं?

परवाना मिळतो कसा?

आता तुमच्यापैकी सिव्हिल करणाऱ्यांसाठी. आयबीबीआयकडे जमीन व इमारत या गटात नोंदणीसाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर असाल तर तीन वर्षं. मग मान्यताप्राप्त संस्थेचं 50 तासांचं प्रशिक्षण, मग दोन तासांची संगणकावरची परीक्षा. पास व्हायला 60 टक्के आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

यात दोन गोष्टी खटकतात. एक, अनुभव मागितलाय तो आपल्या शाखेतला, मूल्यांकनाचा नाही. पाच वर्षं पूल बांधणारा इंजिनिअर परीक्षा पास झाला, की पहिलं घर परवाना घेऊनच बघू शकतो. दोन, डिप्लोमावाल्याला या दारातून प्रवेशच नाही. प्रत्यक्षात मात्र टेप धरून फोटो काढणारा कितीतरी वेळा हाच डिप्लोमावाला पोरगा असतो. सही दुसऱ्याची असते.

अमेरिकेत 1980 च्या दशकात फुगवलेल्या किमतींवर कर्जं वाटून हजाराहून जास्त बचत व कर्ज संस्था बुडाल्या. मग 1989 मध्ये कायदा आला आणि राज्यांनी घरांच्या व्हॅल्युअरना परवाने द्यायला सुरुवात केली. आज तिथे घरांच्या मूल्यांकनाचा सुरुवातीचा परवाना घ्यायला किमान 150 तासांचं शिक्षण आणि अनुभवी व्हॅल्युअरच्या हाताखाली 1,000 तासांचं काम लागतं. कॉलेजची पदवीची अट या पातळीवर 2018 मध्ये काढून टाकली. पण तिथेही घोळ झालाच. उद्याचा स्पर्धक तयार करायला कोण तयार होणार? नवख्यांना शिकवणारा वरिष्ठच मिळेना. शेवटी संगणकावरच्या सरावाचा पर्याय मान्य करावा लागला.

आपल्याकडे एम. एस. साहू समितीने 2020 मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा आणि राष्ट्रीय संस्थेची शिफारस केली होती. हा कायदा व्हायला हवा, आणि त्यात कंपन्यांसोबत साधं घरही यायला हवं. मात्र नुसती भिंत उंच करून भागणार नाही, चढायला शिडीही हवी. मूल्यांकनाचाच अनुभव मोजा, डिप्लोमावाल्यांना हाताखालच्या कामातून वर येण्याची वाट द्या. तसं झालं तर राजुऱ्याच्या घराला किंमत लावणारा माणूस राजुऱ्यातलाही असू शकेल. वर्ग 2 म्हणजे काय, हे त्याला विचारावं लागणार नाही.

तोवर घरात कर्जाची किंवा मोबदल्याची गोष्ट निघाली, तर एवढं नक्की करा. रिपोर्ट कोणी केला आणि त्याची नोंदणी कुठली, हे विचारा. फी आपण भरली असेल तर रिपोर्टची प्रत लेखी मागा. क्षेत्रफळ, बांधकामाचं वय आणि कोणते व्यवहार तुलनेला धरलेत, या तीन गोष्टी स्वतः तपासा. टोकन देण्याआधी व्हॅल्युएशन करून घेतलं तर आणखी बरं. आईबाबा साहेबांना विचारायला बिचकतील. तुम्ही बिचकू नका.