यादी मिळणार नाही

जुलै उजाडला की मुंबई-पुण्याच्या चुलतभावंडांचे आणि भाचेमंडळींचे निरोप सुरू होतात. "दादा, या वर्षीचे स्लीपर कोण? यादी टाक ना." कोणी हात जोडल्याचं चित्र पाठवतं, कोणी सरळ हुकूम सोडतं. यादी मिळणार नाही. यंदाही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. का नाही ते एकदा सविस्तर लिहूनच ठेवतो, म्हणजे दर वर्षी तेच तेच टंकायला नको.

ज्यांना हा काय प्रकार आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (आत्ये, हे तुझ्यासाठी, तू वाचतेस हे मला ठाऊक आहे). इंग्लंडच्या प्रीमियर लीगची एक फुकट फँटसी असते. तुम्हाला १०० मिलियन पौंड मिळतात, अर्थात खोटे. त्यात १५ खेळाडू घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे तीनच. प्रत्येक खेळाडूची किंमत खेळ चालवणारे ठरवतात. मग तो खेळाडू खऱ्या सामन्यात काय करतो त्यावर तुम्हाला गुण, असं ३८ आठवडे. बड्या गोलवाल्यांच्या किमती इतक्या असतात की सगळे बडे घेताच येत नाहीत. म्हणून साडेचार-पाचाच्या भावात एखादा असा शोधावा लागतो की जो पुढे आठ-नऊच्या लायकीचा निघेल. त्याला म्हणायचं स्लीपर. आपल्याकडे त्याला फार पूर्वीपासून चांगला शब्द आहे, झाकलं माणिक.

आता मला सांगा, झाकलं माणिक यादीत कसं असेल?

ही विनोदाने केलेली कोटी नाही, साधा हिशोब आहे. आमच्या घरच्या लीगमध्ये चौदा जण. मी यादी टाकली, चौदाही जणांनी तोच पोरगा घेतला, त्याने गोल केला. कोण पुढे गेलं? कोणीच नाही. ज्याने घेतला नसेल तो फक्त मागे पडला. शिवाय किती टक्के लोकांनी कोणाला घेतलंय ते खेळातच दिसतं, आणि फार लोक एखाद्याच्या मागे लागले की हंगामात त्याची किंमतही दशांशाने चढत जाते. म्हणजे 'अंडररेटेड' म्हणून ज्याचं नाव पन्नास व्हिडिओंत घेतलं गेलं, तो अंडररेटेड उरलेलाच नसतो. तरी दर जुलैत 'कोणालाच माहीत नसलेले दहा खेळाडू' या मथळ्याखाली तेच दहा खेळाडू येतात. कोणालाच माहीत नाहीत, मग प्रत्येकाच्या यादीत तेच कसे? ते सांगणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. मागणाऱ्यांचा येतो.

स्लीपर म्हणजे भावाशी तुमचा असलेला मतभेद. भाव लावणारा म्हणतो साडेपाच, तुम्ही म्हणता नाही, हा आठाचा आहे, आणि तुमच्याकडे त्याचं कारण असतं. कारण नसेल तर तुमच्या हातात फक्त एक नाव आहे. मटक्याचा आकडा आणि ते नाव यांत मग काय फरक राहिला?

उदाहरण देतो, जुनं देतो, म्हणजे कोणाला चोरून वापरता येणार नाही :-)

२०१५ च्या उन्हाळ्यात लेस्टर सिटीचा रियाद माहरेझ साडेपाचाला होता. लेस्टर म्हणजे आदल्या मोसमात एप्रिलपर्यंत तळाशी पडलेला संघ. पण त्यांनी शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून लीगमधली जागा वाचवली होती. ही काही गुप्त बातमी नव्हती, निकाल सगळ्यांसमोर होते. जुलैत क्लॉडिओ रानिएरी प्रशिक्षक म्हणून आले, बहुतेकांनी नाकं मुरडली, आणि त्या नाकं मुरडण्यात ते सात विजय विसरून गेले. पहिल्याच सामन्यात सुंदरलँडविरुद्ध माहरेझचे दोन गोल. मोसम संपला तेव्हा १७ गोल, ११ असिस्ट, फँटसीत २४० गुण, आणि लेस्टर चक्क विजेते. लेस्टर जिंकेल हे कोणाला कळलं असतं असं माझं म्हणणं नाही. सट्टेवाल्यांनी ५००० ला १ असा भाव उगाच नव्हता दिला. पण साडेपाच ही किंमत तळाच्या संघातल्या खेळाडूची आहे आणि हा संघ आता तळाचा नाही, एवढं जुलैत वाचता येत होतं. तेवढंच पुरलं असतं.

दुसरा माझा जास्त लाडका. २०१९, शेफील्ड युनायटेड, जॉन लंडस्ट्रम. किंमत ४.०, म्हणजे त्याहून स्वस्त काही मिळतच नाही. खेळात त्याची नोंद डिफेंडर म्हणून आणि मैदानात मात्र तो मिडफिल्डला खेळणारा. आत्ये, यातली गंमत अशी की डिफेंडरने गोल केला तर ६ गुण, मिडफिल्डरने केला तर ५. समोरच्याने गोल केला नाही तर डिफेंडरला ४, मिडफिल्डरला फक्त १. म्हणजे नोंदीतल्या एका चुकीमुळे या बाबाला दोन्हीकडचं खायला मिळालं. त्या मोसमात त्याने ५ गोल केले. हे माणिक शोधायला फुटबॉलची दिव्यदृष्टी लागत नव्हती. मोसमाआधीच्या मैत्रीच्या सामन्यांत तो कुठे उभा राहतो एवढं बघायचं आणि खेळातल्या नोंदीशी ताडून पाहायचं. तलाठ्याच्या कामाइतकं रुक्ष काम आहे हे. ते करायचा कंटाळा, म्हणून यादी हवी.

मैत्रीच्या सामन्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यात कोण कुठे उभा राहतो ते बघा, गोल मोजू नका. आपल्याकडे हापूस कापल्याशिवाय त्यात साका आहे की नाही ते कळत नाही. वरून रंग, वास, सगळं झकास. जुलैतले चार गोल तसेच असतात. समोर अर्धा संघ सुट्टीवरून नुकताच आलेला, दुसऱ्या अर्ध्यात अकाच्या अकरा बदललेले. पण यादीवाल्यांना ते चार गोलच दिसतात.

आणि एक, देवगडच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. आपलं कलम एक वर्ष लगडतं आणि पुढच्या वर्षी रुसतं. रुसलेल्या वर्षाचं पीक बघून कोणी बागेचा भाव केला तर आपण त्याला हसू (आणि समोरचा बागवाला नडलेला असेल तर तो त्या भावाला देऊनही टाकतो, ते वेगळं). फुटबॉलमध्ये मात्र लोक गेल्या वर्षीचा गुणांचा आकडा बघतात आणि थांबतात. अरे, तो पाच महिने गुडघ्याने घरी बसला होता! सामने किती, मिनिटं किती, ते भागून बघा ना. पेनल्टी कोण घेतो, कॉर्नर कोण मारतो, आणि गेल्या वर्षी पेनल्टी मारणारा क्लब सोडून गेला का, ते बघा. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये दिसतो, पण कल्टार जुलै-ऑगस्टात घालावं लागतं, भर पावसात, जेव्हा झाडावर बघण्यासारखं काही नसतं.

नियम बदलतात तेही उन्हाळ्यातच. २०२५-२६ च्या मोसमापासून बचावाच्या कामाला गुण मिळू लागले: डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल मिळून दहाचा आकडा गाठला की २ गुण. हा नियम पहिल्या सामन्याच्या आधीच जाहीर झाला होता आणि कोण सामन्याला किती टॅकल करतो याच्या आदल्या वर्षीच्या नोंदीही उघड्या होत्या. दोन कागद शेजारी ठेवायचे होते, बस.

आता माझ्याविरुद्धचा मुद्दा मीच मांडतो, नाहीतर आमचा पुण्याचा भाऊ मांडेलच. कोल पामर. २०२३-२४ मध्ये २२ गोल, ११ असिस्ट, २४४ गुण, आणि सुरुवातीची किंमत ५.०. पण तो मँचेस्टर सिटीतून चेल्सीला गेला १ सप्टेंबरला! मोसम सुरू झाल्यावर. म्हणजे जुलैत कितीही डोकं फोडलं असतं तरी तो सापडला नसता. मान्य. प्रत्येक माणिक पावसाळ्यातच सापडतं असा माझा दावा नाहीच. पण तो ज्या क्लबात गेला तिथे पेनल्टी त्याच्याकडे आल्या (नऊ मारल्या त्याने, नऊही आत), हे पहिल्यांदा कोणाच्या नजरेत भरलं? ज्यांना जुलैपासून 'पेनल्टी कोण घेतो' हे विचारायची सवय होती त्यांच्या. यादीवाले तिथे यादी बदलेपर्यंत थांबले.

ज्यांना फुटबॉल परका वाटतो त्यांनी आपल्या घरच्या क्रिकेटकडे बघावं. राहुल त्रिपाठी २०१७ मध्ये पुण्याच्या संघाला १० लाखांत मिळाला आणि त्याने ३९१ धावा केल्या. कल्याणचा तुषार देशपांडे चेन्नईने २०२२ च्या लिलावात २० लाखांत घेतला, २०२३ मध्ये त्याचे २१ बळी. तेव्हा ज्यांनी त्यांच्यासाठी हात वर केला ते कुठल्या यादीवरून बोली लावत नव्हते. रणजीच्या रिकाम्या मैदानांवर कोणीतरी वही घेऊन बसलेलं असतं.

आता काकीचं म्हणणं. काकी रात्री माझ्या कागदांकडे बघून म्हणते, "जुगारच ता, दुसरा काय?" काकीला उत्तर देणं अवघड, कारण ती ज्या जुगाराबद्दल बोलते तो तिने पाहिलाय. आमच्या ओळखीतल्या एका पोराने कॉलेजची फी अशाच एका ॲपवर घातली. ४९ रुपयांपासून सुरुवात, मग आई-बापाला कळेपर्यंत काही उरलं नव्हतं. आमच्या आळीत तो महिना कसा गेला ते मी इथे लिहिणार नाही.

मात्र तो खेळ आणि हा खेळ एक नाहीत, आणि फरक नुसता पैशाचाही नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या रोजच्या फँटसीला न्यायालयांनी कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये म्हटलं. मी न्यायालयाशी वाद घालत नाही. पण कुठलं कौशल्य? नाणेफेक झाली, अकरा जणांची नावं आली, मग संघ लावायचा, रात्री निकाल, उद्या नवा संघ. त्याला ऑफ-सीझनच नाही. ज्या खेळाला रिकामा काळ नाही त्यात वाट बघण्याचं कौशल्य येणार कुठून? तिथेही 'कोणी न घेतलेला खेळाडू' शोधतात, पण तो लाखोंच्या गर्दीतून एका रात्रीत वर उसळी मारण्यासाठी. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्याचा असो की नशिबाचा. पैसे लावायची सोय गेल्यावर माझ्या ओळखीतले कितीतरी 'कौशल्यवाले' एका आठवड्यात खेळातूनच नाहीसे झाले. आमची चौदा जणांची लीग मात्र होती तशी आहे. बक्षीस म्हणून पहिला येईल त्याला मे महिन्यात आंब्याची एक पेटी, आणि तीही माझ्याच बागेतली, म्हणजे मी जिंकलो तर माझीच मला.

तेव्हा यादी मागणाऱ्यांनो, तुम्ही माझ्याकडे नेमकं काय मागताय ते बघा. बंदरावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, आणि माणसं पडवीत बसून जाळी शिवत असतात. त्यांच्याकडे कोणी जाऊन "ऑगस्टात मासा कुठे लागेल त्याची यादी द्या" म्हणत नाही. म्हटलं तर काय ऐकायला मिळेल तेही इथे लिहिण्याजोगं नाही. तुम्हाला जाळं शिवायचं नाहीये, फक्त टोपली हवी आहे. आणि ती मी दिली तर आमच्या लीगमध्ये चौदा संघ उरणार नाहीत, माझ्या एकाच संघाच्या चौदा झेरॉक्स होतील. मग शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी कोणाशी भांडू?

यंदा म्हणून असं ठरवलंय. पहिल्या सामन्याच्या आधी प्रत्येकाने एकच नाव लिहून काकीकडे पाठवायचं, साडेपाच किंवा त्याखालचं. नावाखाली एक वाक्य: भाव का चुकलाय. 'फॉर्मात आहे' हे वाक्य धरलं जाणार नाही. 'सगळे म्हणतायत' हे तर मुळीच नाही. ज्याचं वाक्य नसेल त्याचं नाव रद्द. कागद काकी डाळीच्या डब्याखाली ठेवणार आहे (तिने हे अजून कबूल केलेलं नाही, पण करेल). चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येताच, तोवर काही सामने होऊन गेलेले असतात. आरती झाली की कागद उघडू. आत्ये, तुलाही नाव पाठवायचं असेल तर पाठव, गोलकीपर चालेल.